ओव्याचा वास

ठाकुर्ली, २ डिसेंबर १९५१
माझ्या लेकाला, विश्रामला, रेल्वेचं क्वार्टर मिळालं. आलो एकदाचे. तो म्हणत होता खुराडं आहे, पण बरं आहे. स्वयंपाकघरात उजेड आहे. मागे न्हाणीच्या पाण्यावर गवती चहा माजलाय, तुळस आहे, पानओवा आहे. आधीच्या बिऱ्हाडातल्या म्हातारीने लावलेलं, मला आयतं मिळालं. सून सुमती म्हणाली, आई, आता इथेही तुमचा दवाखाना उघडा. उघडणारच. नात रतन अजून वर्षाचीही नाही, तिचं नाक गळतंय. तव्यावर ओवा भाजून पुरचुंडीने छाती शेकली. गुमान झोपली.

६ डिसेंबर
शेजारची कलावती पोट धरून आली. ओवा-सैंधव चावायला दिलं, हसत गेली. म्हणाली, आधीची आजीपण सगळ्या लायनीला औषध द्यायची. पण तीच आजारी पडली तेव्हा घरच्यांनी काढ्याचा घोटसुद्धा दिला नाही. या चुलीपाशीच गेली. मागाहून तिच्या नावाने पानही वाढलं नाही. कसली माणसं ही.

१० डिसेंबर
ओव्याला वास नाही. चुरगळला, भाजला, तरी नाही. वाण्याला फैलावर घेतलं. त्याने नाकाशी धरला तर घमघमत होता. घरी आणला, उंबरा ओलांडला आणि भुसकट. रतनला खोकला लागलाय.

१३ डिसेंबर
हिंगाला नाही, आल्यालाही नाही. काढा म्हणजे नुसतं गरम पाणी. पोरीची छाती वाजते. डॉक्टरच्या बाटलीनेही उतार नाही. कलावती म्हणाली, मेलेलं माणूस जेवत नाही, नुसता वास घेतं. मी तिला गप्प केलं. मग नजर चुलीकडे गेली. आजी इथेच गेली, उपाशी.

१४ डिसेंबर
चुलीपाशी आजीचं पान वाढलं. वरण-भात, वडे. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, आजी, तुमच्या घरच्यांनी तुम्हाला उपाशी ठेवलं, त्यात आमची पोर का मरावी. या घरातलं हवं ते घ्या, माझा ओवा तेवढा सोडा.

१५ डिसेंबर
ओवा घमघमतोय. हिंगाने घर भरलंय. पोरीला शेकलं, खोकला थांबला. सुमतीला रडू आवरेना.

१६ डिसेंबर
रतनची टाळू हुंगली. तेलाचा वास आला. पोरीचा नाही. मानेत नाही, काखेत नाही. दूध घेत नाही, रडत नाही, नुसती बघते. सुमतीला सांगितलं तर माझ्यावरच भडकली.

१७ डिसेंबर
हवं ते घ्या, म्हटलं मी. माझ्याच तोंडाने—
विश्राम कल्याणला डॉक्टर आणायला गेलाय. पोर गार. शेकून काय—

परत पान मांडलं. ओवा, हिंग, सुंठ, होतं ते सगळं. म्हटलं, हे घ्या, पोर द्या.
हात लावला नाही आजीने. ओवा तसाच घमघमतोय. आता तिला ओवा कशाला—
सुमती पोर घेऊन जवळून गेली. पाजती बाई, पण दुधाचा वास नाही. तिच्या अंगालाही—