कासव कुणाच्या टेबलावर

सोमवार, ४ मार्च

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, या कंपनीच्या लेखा विभागाचा प्रमुख; आणि आज दुपारपासून परस्पर-सन्मान समितीचा अध्यक्ष. या कामाची यथातथ्य नोंद राहावी म्हणून नवी वही उघडली आहे. संचालक म्हणाले, "सगळ्या विभागांतून तक्रारी आल्या, तुमच्याकडून एकही नाही! म्हणजे तुम्हाला काहीतरी साधलंय. तेच बाकीच्यांना शिकवा." दोन आठवड्यांत आचारसंहिता लिहून सर्वांसमोर वाचायची आहे.

घरी सांगितलं. पत्नी भांडी विसळत होती. हसता हसता तिने नळ बंद केला. "अहो, तुम्ही? परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला पाना कसा धरायचा ते शिकवत होतात! बिचारा सगळं टाकून जायच्या बेतात होता."

तो पाना चुकीचाच धरत होता.

मंगळवार, ५ मार्च

पहिला नियम लिहिला — 'सहकाऱ्याची चारचौघांत चेष्टा करू नये.' वाक्य नेटकं उतरलं आहे. उपप्रमुखाला वाचून दाखवलं. "वा सर! याहून अचूक लिहिताच यायचं नाही." मी नुसता स्वल्पविराम दाखवला तरी हा गृहस्थ वा म्हणेल. पत्नी त्याला 'तुमचा होयबा' म्हणते.

बुधवार, ६ मार्च

बिलांचं काम पाहणाऱ्या बाई केबिनमध्ये आल्या. बदली हवी — गोदामात! तिथे भत्ता कमी, डोक्यावर पत्रा, दिवसभर धूळ. कारण विचारलं.

"तिथे यंत्रांचा आवाज असतो, सर. दुसरं काही ऐकू येत नाही."

"दुसरं म्हणजे काय?"

बाईंनी काचेतून आपल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे कासव होतं.

कासवाविषयी लिहायला हवं. पितळी आहे, मुठीएवढं. मीच आणलं. महिनाअखेरीच्या हिशेबात ज्याची चूक निघेल त्याच्या टेबलावर मी ते सोमवारच्या बैठकीत सर्वांसमक्ष ठेवतो. पुढची चूक निघेपर्यंत ते तिथेच राहतं. टाळ्या पडतात. निखळ गंमत! काम चोख होतं, कुणाला लेखी ताकीद द्यावी लागत नाही. बाईंच्या टेबलावर ते ऑक्टोबरपासून आहे, कारण त्यानंतर विभागात कुणाची चूकच निघालेली नाही. जाता-येता लोक विचारतात, "बाई, कासवाला चारा घातलात का?" कुणाचं बिल अडलं की, "थांबा, ते कासवाकडे आहे!" मीही एकदा म्हणालो होतो, "हळू बोला रे, दोघांचीही झोप मोडेल."

सगळे हसले होते. बाईसुद्धा — असं मी समजत होतो.

गुरुवार, ७ मार्च

बाईंना पुन्हा बोलावलं. समजूत घालावी हा हेतू. म्हणालो, एक बिल दोनदा चढलं, पुरवठादाराकडे दोनदा पैसे गेले, ते परतही आले. एवढ्यावरून कुणी टेबल सोडतं का? पुढे काळजी घ्या म्हणजे झालं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "ते बिल मी चढवून गेले होते, सर. दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात ठेवलं, मी रजेवर होते. दुसऱ्यांदा तुम्ही चढवलंत."

तत्क्षणी आठवलं. पुरवठादाराचा माणूस समोर उभा होता. 'बाई नाहीत म्हणून काम अडायचं की काय?' असं सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलून मी त्यांच्या खुर्चीत बसलो होतो. खुर्ची बुटकी, माझे गुडघे टेबलाला घासत होते. गुडघे लक्षात राहिले आणि बिल राहिलं नाही!

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"बोलायलाच उठले होते. तुम्ही म्हणालात — बसा! खुलासा नको, कासव पुरे."

म्हणालो होतो. शब्दशः. त्या वाक्यावर जो हशा पिकला, तो मला कित्येक दिवस पुरला होता. घरी येऊन पत्नीलाही ऐकवलं होतं. ती हसली नव्हती, हेही आज आठवलं.

शनिवार, ९ मार्च

पहिला नियम खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. अक्षर तेवढं चांगलं आहे.

सोमवार, ११ मार्च

आज बैठकीत सर्व सांगायचं ठरवून गेलो होतो. घरून निघताना वाक्य पाठ होतं — 'ती चूक मी केली.' साधं वाक्य. उभा राहिलो, समोर इतकी तोंडं, आणि मुखातून निघालं ते असं: "ऑक्टोबरमधील त्या त्रुटीची जबाबदारी विभागप्रमुख या नात्याने मी स्वीकारतो."

मग बाईंच्या टेबलावरचं कासव उचलून केबिनमध्ये नेऊ लागलो. टाळ्या! उपप्रमुख उठून उभा राहिला. "सरांचं मन बघा! हाताखालच्यांची चूकही अंगावर घेतात. बाई, निदान आभार तरी माना!"

मला तिथेच थांबवता आलं असतं. 'नाही, चूक माझीच होती,' एवढंच म्हणायचं होतं. मी कासव हातात धरून उभा राहिलो — आणि किंचित मान लववली. होय. टाळ्यांना मान लववली!

बाई म्हणाल्या, "आभारी आहे, सर." आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेल्या. बाटली भरलेली होती.

मंगळवार, १२ मार्च

उपप्रमुखाला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं. सांगितलं की ते बिल खरोखर मीच चढवलं होतं. त्याला धक्का बसेल अशी माझी कल्पना.

"ठाऊक आहे, सर."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुम्ही बाईंच्या खुर्चीत बसला होतात, सगळ्यांदेखतच की."

"आणि कुणी बोललं नाही?"

"सर, तुमच्या टेबलावर कासव ठेवणार कोण?" मग जरा धीर आल्यासारखा म्हणाला, "शिवाय खरं सांगू? ते बाईंकडे होतं तोवर आम्ही निवांत होतो. चुका काय, होतातच. आम्ही आपसांत निस्तरतो. तुमच्यापर्यंत पोचू देत नाही."

म्हणजे विभागात चूक नाही, तक्रार नाही, याचं कारण हे! या गुणावर मला अध्यक्ष केलं आहे. आणि काल तो टाळ्या वाजवत होता तेव्हा सर्व जाणून वाजवत होता. त्याला रागवायला तोंड उघडलं, पण त्याला होयबा केला कुणी?

गुरुवार, १४ मार्च

बाईंची बदली मंजूर. 'थांबा' म्हणालो. त्या म्हणाल्या, "कशासाठी, सर?" खुर्चीवरची उशी तेवढी काखेत घेतली आणि गेल्या. कुणी निरोपाचं बोललं नाही. सगळे माझ्या केबिनकडे पाहत होते — बोलावं की नाही, हे कळावं म्हणून!

रविवार, १७ मार्च

पत्नीला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "उद्या काय बोलणार आहात ते मला इथे बोलून दाखवा. 'स्वीकारतो-बिकारतो' नको. सरळ."

स्वयंपाकघरात उभा राहून बोललो. दोनदा अडखळलो. तिने दुरुस्ती केली नाही.

सोमवार, १८ मार्च

सभागृह भरलेलं. गोदामाची माणसं मागे दाराशी उभी, त्यांत बाई. आचारसंहिता टेबलावर ठेवली, उघडली नाही. म्हणालो:

"ऑक्टोबरात एक बिल दोनदा चढलं. ती चूक बाईंची नव्हती, मी केली होती. त्या सांगायला उठल्या, मी त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्यावर हसायला तुम्हाला शिकवलं. गेल्या सोमवारी टाळ्या घेतल्या, त्याही खोट्या होत्या. या समितीचा अध्यक्ष राहण्याची माझी लायकी नाही."

टाळी एकही नाही. संचालक कुजबुजले, "अहो, इतकं टोकाचं कशाला? विभागातल्या विभागात मिटवायचं होतं." उपप्रमुख बुटांच्या नाड्या पाहत होता. मी दाराकडे पाहिलं. बाई माझ्याकडे पाहत होत्या. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मग कामाची घंटा झाली आणि त्या गोदामाच्या माणसांबरोबर निघून गेल्या.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

बुधवार, २० मार्च

कासव माझ्या टेबलावर आहे. आत येणारा प्रत्येकजण त्याच्याकडे न पाहण्याची पराकाष्ठा करतो.

शुक्रवार, २२ मार्च

गोदामातून बाईंचा निरोप — इथे पंख्याने कागद उडतात, ते कासव कुणाला नको असेल तर पाठवून द्या.

पाठवलं नाही, स्वतः घेऊन गेलो. यंत्रांचा आवाज खरोखरच मोठा आहे. बाईंनी कासव पावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं, बाजूचं यंत्र बंद करायला सांगितलं आणि एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बसा," म्हणाल्या. "आता मी बोलते."

बसलो.