इकराच्या लग्नाची पत्रिका

इकराच्या अब्बांना हमिदाचा सलाम.

आज लेकीची पत्रिका छापायला टाकली. तुमचे भाऊ यासीन म्हणाले, "भाभी, होडी परत आली नाही त्याला आठ वर्षं झाली. नझीरच्या नावाआधी मरहूम छापू या."

सगळे म्हणतात, तुमची जिंदगी तेवढीच होती, आता मी माझ्या जिवाला जपावं. माझा जीव अजून मांडवीच्या बंदरावर उभा आहे, हे कुणाला सांगू? अख्ख्या आयुष्यात तुम्ही वेळेवर कधी आलात? स्वतःच्या निकाहालासुद्धा उशिराच आलात.

म्हणून छापखान्यात मी सांगितलं, नुसतं नझीर छापा, मुलीचे वडील हयात आहेत.

मी चुकत असेन, तर स्वतः येऊन खोडा.

तुमचीच,
हमिदा