मुलीसाठी वाईट नाव

सोम. ८ जाने. १९३४, नाशिक
शाळेत आज दोन वर्ग एकत्र घेतले. घरी आलो तर शांता बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेली. आधीची दोन्ही गेली, म्हणून हिचं नाव धोंडी ठेवायचं म्हणते. "असल्या नावाकडे मरण फिरकत नाही." मिशनच्या शाळेतला मास्तर मी. वाद घालायचं त्राण नाही.

बुध. १०
पाद्री कूपरसाहेबांच्या कानावर घातलं. आधी हसले, मग रागावले. "मास्तर, तुम्हीसुद्धा?" बाप्तिस्म्याला इंग्रजीच नाव हवं. नावांच्या अर्थांचं जाडजूड पुस्तक हातात दिलं. बरं म्हणालो. नेहमीप्रमाणे.

शुक्र. १२
उगाच आडनावं आधी वाचत बसलो. स्मिथ लोहार, पॉटर कुंभार, आमचे कूपर पिंपं बांधणारे. साहेबाकडेही बलुतेदारच की सगळे. शांता हसली नाही. "वाईट नाव मिळालं का?"
नाही. मुलींची नावं एकजात भरजरी. व्हिक्टोरिया विजय, सोफिया ज्ञान, क्लारा तेजस्वी. या लोकांची पोरं मरत नव्हती काय?

रवि. १४
मिळालं. क्लॉडिया, म्हणजे पांगळी. बायबलात पौलाच्या पत्रातही आहे. साहेब खूश, "सुंदर नाव." अर्थ त्यांनी पाहिला नाही, मी दाखवला नाही. पुष्कळ दिवसांनी जरा बरं वाटलं.
शांतानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, पण मरणाला इंग्रजी येतं का?"

रवि. २१
बाप्तिस्मा झाला. गार पाण्यानंही रडली नाही. संध्याकाळी अंग गरम.

मंगळ. २३
ताप. छाती भरलीय, डॉक्टर येऊन गेले. "बघू," एवढंच. शांता बाळाला कुठल्याच नावानं हाक मारत नाही. नुसती माझ्याकडे बघते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. पण ते बघणं सोसवत नाही.

बुध. २४
शाळेला निघालो आणि दारातच थांबलो. समोरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब चहा घेत होते. त्यांना मराठी चांगलं कळतं. तरी घराकडे वळून ओरडलो, "ए पांगळे, ए धोंडे, कुणाला नको गं तू." आवाज फाटला. साहेबांनी कप खाली ठेवला.
आतून शांता म्हणाली, "अजून एकदा. मोठ्यानं."
पुन्हा हाक मारली. नोकरीचं काय ते उद्या कळेल. ताप आहे तसाच.