मेजरसाहेबांची अध्यक्षगिरी

॥ श्री ॥
खासगी बाजार, लष्कर
२ ऑगस्ट १९५६

ती. दादा यांस,
लीलाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून जीव भांड्यात पडला. तेल लावणं सोडू नका म्हणावं.

आता आमच्याकडची बातमी. हसू नका. नगरपालिकेच्या अध्यक्षपदासाठी ह्यांचं नाव पुढे आलं आहे! संस्थानची फौज सरकारी सैन्यात विलीन होऊन घरी बसल्यापासून हे रोज सकाळी कुंड्यांची परेड घेतात, त्यांना आता सगळं शहर मिळणार. लक्ष्मीकांत वकील स्वतः घरी आले. दुसऱ्या दिवशी सराफ्यातले शेठजी मिठाईचा डबा घेऊन आले. हे दोघे एरवी एका जाजमावर बसत नाहीत. पण दोघांचं म्हणणं एकच, की मेजरसाहेबांसारखा बेदाग माणूस साऱ्या लष्कर शहरात दुसरा नाही.

ह्यांनी साफ सांगितलं, की मला राजकारणातलं ओ का ठो कळत नाही. वकील म्हणाले, म्हणूनच तर तुम्ही हवे. ब्रह्मदेशातून अख्खी पलटण पायी परत आणणाऱ्याला नळ आणि गटारं काय जड?

नवं राज्य होऊन राजधानी इथून भोपाळला जायची म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरलेले आहेत. शेजारचे गोविंदराव, ते सरकारच्या मोठ्या दफ्तरात कारकून आहेत ना, त्यांचीही बदली ठरली. घरात आई अंथरुणाला खिळलेली, शामलाबाई रडून रडून अर्ध्या झाल्या. अशा वेळी शहराला कुणी तरी आपलं माणूस हवं, असं ह्यांना वाटतं. तुमची तीस वर्षं इंदूरच्या नगरपालिकेत गेली. तुमचं मत कळवा.

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे. माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
लीला


॥ श्री ॥
इंदूर
९ ऑगस्ट १९५६

चि. सौ. लीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

सूर्याजीराव शूर आहेत, सच्चे आहेत, यात मला शंका नाही. पण फौजेत हुकूम वरून निघतो तो खाली पोचतो. नगरपालिकेत हुकूम निघतो आणि वाटेत चहा प्यायला बसतो. तिथे मान डोलावणारा माणूस ‘हो’ म्हणत नसतो आणि भांडणारा माणूस शत्रू असतोच असं नाही. हे कळायला मला दहा वर्षं लागली. सूर्याजीरावांनी एक दिवसही ते पाहिलेलं नाही.

आणि एक गोष्ट सांगतो, ती त्यांना वाचून दाखव. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट एका नावावर एक झाले, हे मला शुभ वाटत नाही. दोघांनाही असा माणूस हवा आहे ज्याचा स्वतःचा गट नाही. तो पडला तर दोघांपैकी कुणाचंच काही पडत नाही. आधी दोन-तीन वर्षं साधे सभासद होऊन बसावं, माणसं ओळखावीत, मग खुर्चीकडे बघावं.

तुला कडू लागेल, पण बहीण एकच आहे, म्हणून लिहिलं. प्रकृतीला जप.

तुझा,
महिपत


॥ श्री ॥
खासगी बाजार, लष्कर
१२ सप्टेंबर १९५६

ती. दादा यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गौरी-गणपती नीट पार पडले. ह्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, महिपतरावांचं बरोबर असेल, पण गोळीबार चालू असताना मी कवायत शिकून येतो म्हणून कुणी मागे जात नाही. निवडणुकीत सगळी मतं ह्यांनाच पडली. विरोधात एकही नाही.

पहिले आठ दिवस तर मोहल्ल्यात दिवाळीच होती. हे पहाटे सायकलवर निघायचे, झाडूवाल्यांच्या आधी गल्लीत हजर. कंपू भागातली वर्षभर तुंबलेली नाली दोन दिवसांत मोकळी झाली. बायका मला मंदिरात थांबवून सांगायच्या, की तुमच्या साहेबांनी कमाल केली.

पण दादा, आता घरी येतात ते थेट कुंड्यांपाशी जाऊन बसतात. सभेत सगळे हो हो म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही, असं परवा म्हणाले. संध्याकाळी वकील आणि शेठजी आळीपाळीने येतात. पूर्वी हे दोघांनाही दारातून वाटेला लावायचे. आता त्यांची वाट बघतात. काही विचारायचं झालं तर दुसरं कुणी नाही, असं म्हणतात.

तुम्ही एकदा येऊन जा ना. भाऊबीजेला तर नक्की या, तोवर धीर धरते. आशीर्वादाचा हात असू द्या.

तुमची,
लीला


॥ श्री ॥
खासगी बाजार, लष्कर
दसरा, १४ ऑक्टोबर १९५६

ती. दादा यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

दसऱ्याचं सोनं इथूनच पाठवते, गोड मानून घ्या.

येत्या शुक्रवारी दफ्तराचे ट्रक भोपाळला निघणार आहेत. त्याच दिवशी बाड्यावर, इथल्या मुख्य चौकात, राजधानी हलवण्याविरुद्ध मोठी सभा आहे. परवानगी अध्यक्षांनी द्यायची. कारकुनांच्या वतीने अर्ज गोविंदरावांचा. मंगळवारी ते ह्यांच्याकडे आले, तेव्हा मी चहा देत होते. ते हात जोडून म्हणाले, सभा बाड्यावर नको, फूलबागच्या मैदानावर असू द्या, बाड्याच्या गल्ल्या अरुंद, माणसं मावायची नाहीत. वकील तिथेच बसले होते. ते म्हणाले, मैदानातली आरडाओरड दिल्लीला ऐकू जात नाही, सभा बाड्यावरच व्हायची. ह्यांनी थोडा विचार केला आणि वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे सही केली. गोविंदराव चहा न घेताच गेले.

आणखी एक गंमत. तुमच्या भाचीच्या, शरयूच्या, बांगड्या मोडून नव्या करायला सराफ्यात टाकल्या होत्या. काल सोनाराने त्या तशाच परत पाठवल्या. निरोप असा, की शुक्रवारपर्यंत घरातच ठेवा, मग बघू. ऐन दिवाळीच्या तोंडावर कुणी काम परत करतं का? मी स्वतः गेले तर अर्ध्या दुकानांतली कपाटं रिकामी. शेठजी सहकुटुंब मथुरेला निघालेत म्हणे. वकिलांनाही शुक्रवारी झाशीला तारीख आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, सणासुदीला लोक जातातच.

माझा जीव उगीच थाऱ्यावर नाही. उलट टपाली दोन ओळी लिहा.

तुमची,
लीला


तार
इंदूर, १८ ऑक्टोबर

मेजर भोइटे, खासगी बाजार, लष्कर.
सभा रद्द करा. सराफा रिकामा म्हणजे दंगा ठरलेला. महिपत.


लष्कर
२१ ऑक्टोबर १९५६

रा. रा. महिपतराव यांस,
सूर्याजीचा सा. न. वि. वि.

आपली तार शुक्रवारी सकाळी मिळाली. खिशात ठेवली. परवानगी दिलेली होती, शब्द दिलेला होता. शब्द मागे घेणं मला जमलं नाही.

घडलं ते लिहितो. मी व्यासपीठावर होतो. चार वाजेपर्यंत सभा शिस्तीत होती. मग बंद दुकानांच्या गच्च्यांवरून दगड आले. कुलूप लावून गेलेल्या दुकानांवर माणसं कशी चढली, याचा विचार मी नंतर केला. लोक सराफ्याच्या गल्लीकडे पळाले. मी ‘थांबा’ म्हणून ओरडलो. ह्या आवाजावर आठशे माणसं जागच्या जागी उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्या दिवशी एकानेही मान वळवली नाही.

गल्लीच्या तोंडाशी दोघं चेंगरून गेली. एक भाजी विकणारी म्हातारी. दुसरे आमचे गोविंदराव. ते लोकांना मागे फिरवत होते. मी त्यांना उचलून घरी आणलं. शामलाबाई दारातच होत्या.

चौकशी बसली आहे. परवानगी माझी, जागा मी ठरवली, हे मी सांगणार आहे आणि राजीनामा देणार आहे. आपण ऑगस्टात लिहिलं होतं ते मी ऐकायला हवं होतं. लीला जेवत नाही. तिला पत्र लिहावं.

आपला,
सूर्याजीराव भोइटे


॥ श्री ॥
इंदूर
२४ ऑक्टोबर १९५६

रा. रा. सूर्याजीराव यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तरी आता भावनेच्या भरात काही करू नये.

राजीनामा म्हणजे कबुली. तुम्ही कबूल झालात की वकील आणि शेठजी मोकळे आणि तुमच्यावर खटला. घर जाईल, पेन्शन जाईल, शरयूचं लग्न व्हायचं आहे. तुम्ही एकटे नाही. माझी बहीण तुमच्या घरात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

अर्ज कुणाचा होता? गोविंदरावांचा. तेव्हा जबाबात एवढंच सांगावं, की अर्जदाराने शांततेची हमी दिली, जागाही त्यानेच मागितली, आणि मी विश्वास ठेवला. गेलेल्या माणसावर कुणी खटला भरत नाही. वकील दुजोरा देतील, कारण त्यात त्यांचीही मान सुटते. त्यांच्याशी आजच बोलून घ्यावं. मी अशा चार चौकश्या पाहिल्या आहेत. त्या अशाच मिटतात.

हे पत्र लीलाला दाखवू नये.

आपला,
महिपत


॥ श्री ॥
खासगी बाजार, लष्कर
२८ ऑक्टोबर १९५६

ती. दादांस,
नमस्कार.

ह्यांनी जबाब दिला. गोविंदरावांनीच बाड्याचा हट्ट धरला, असं सांगितलं. वकिलांनी तेच सांगितलं. वर्तमानपत्रात छापून आलं, की एका कारकुनाच्या आततायीपणाने दोन जीव गेले.

काल शामलाबाई आल्या. मोकळं कपाळ, कडेवर धाकटी. त्यांनी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, की ते मरताना सुद्धा माणसं वाचवत होते, त्यांना दंगेखोर का केलंत? दफ्तराने त्यांच्या घरची मदत थांबवली आहे. त्यांच्या सासूबाईंना अजून मुलगा गेल्याचं सांगितलेलं नाही, आणि आता मोहल्ल्यातली पोरं त्यांच्या भिंतीवर काहीबाही लिहून जातात. हे आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

मी रात्री ह्यांना विचारलं, की असं खोटं तुम्हाला सुचलं तरी कसं? तर म्हणाले, मला नाही सुचलं, तुझ्या दादाला सुचलं. आणि तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं.

दादा, माझ्यासाठी केलंत ना हे? मग माझंही ऐका. फूलबागचं मैदान मागताना गोविंदरावांना मी पाहिलं आहे, माझ्या हातात चहाचा ट्रे होता. बुधवारी मी शामलाबाईंबरोबर चौकशीच्या साहेबांकडे जाऊन हे सांगणार. घर गेलं तर जाऊ दे. शरयूला मी सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, आई, जा.

काय मागू तुमच्याकडे? काहीच नको.

लीला


लष्कर
१ नोव्हेंबर १९५६

रा. रा. महिपतराव यांस,
सूर्याजीचा सा. न. वि. वि.

आज नवं राज्य झालं. इकडचं वर्तमान असं.

लीला काल सकाळी शामलाबाईंना घेऊन गेली. मला विचारलं नाही, सांगितलं फक्त. मी तिला अडवलं नाही. फाटकापर्यंत गेलो, तांगा बोलावून दिला. तांगा वळला तसा काय करायचं ते लिहून वकिलांकडे माणूस धाडला.

त्यांनी सगळं नीट सांभाळलं. जबाब लिहून घेतला गेला नाही. त्या शुक्रवारपासून तिचं चित्त ठिकाणावर नाही, असं साहेबांच्या कानावर घालण्यात आलं. डॉक्टरांकडून तसं लिहून मिळालं. साहेब सज्जन आहेत. त्यांनी दोघींना चहा पाजला आणि परत पाठवलं.

शामलाबाई सासूला घेऊन आठवड्याभरात माहेरी जाणार असं कळतं. जागा रिकामी होईल.

लीला संध्याकाळी आली. दारातच उभी राहून विचारलं, मला वेडी ठरवायची युक्ती दादाची की वकिलांची? मी म्हणालो, माझी. ते खरंच होतं. आपल्याला किंवा वकिलांना विचारायची मला गरज पडली नाही.

शरयू तेव्हापासून स्वतःच्या खोलीचं दार आतून लावून घेते. भाऊबीजेला आपण यावं आणि लीलाला काही महिने इंदूरला न्यावं. ओवाळील की नाही ते सांगता येत नाही. लोकांना हवापालट म्हणून सांगू.

बाहेर मोटार आली आहे. नव्या राज्याच्या समारंभाचं अध्यक्षस्थान माझ्याकडे आहे. मथुरेहून शेठजी परत आलेत, हार तेच घालणार आहेत.

आपल्या घरच्या सर्वांस यथायोग्य. स्नेहात अंतर पडू देऊ नये.

आपला,
सूर्याजीराव भोइटे
अध्यक्ष