अक्षय्यतृतीयेचं वाटणीपत्र

भिवंडी,
१२ नोव्हेंबर १९९१

प्रिय सरला,

अनेक आशीर्वाद. अंबाडीहून भिवंडीला यायला एस.टी.ने कितीसा वेळ लागतो? तरी हरीच्या दिवसांनंतर पाच वर्षं आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. रागवायचा हक्क तुझा होता. पत्र न लिहिण्याचा आळस माझा.

आपला धाकटा हरी गेल्यापासून त्याची बायको सुमती त्याच्या वाटणीच्या दोन खोल्यांत शिवणाचे वर्ग घेते. त्यावरच तिचं पोट आहे. आता थोरले भाऊ म्हणतात, वाटणी कधी झालीच नाही, घर सगळ्यांचं. धामणकर नाक्यालगतची जागा, घर विकत घ्यायला लूमवालं गिऱ्हाईक दारात उभं! कोर्टाच्या खेपा घालून मी पार थकलोय गं.

हरी आजारी पडला तेव्हा वाटणीपत्र मीच लिहिलं होतं, चांगल्या वळणदार अक्षरात. बाबांनी त्याआधी तीन वर्षं, हयात असतानाच, तोंडी वाटणी करून दिली होती आणि आम्ही आपापल्या खोल्यांत राहतही होतो. पण मला नको तिथे शहाणपण सुचलं. म्हटलं, अक्षय्यतृतीयेला केलेलं टिकतं. म्हणून वाटणी त्याच दिवशी करत असल्याचं लिहिलं. बाबांचा उल्लेखच नाही. नोंदणीचं मी काढलं, तर भाऊ म्हणाले, सख्ख्या भावांनी काय रजिस्ट्रारपुढे उभं राहायचं? आम्ही माना डोलावल्या. वकील आता सांगतात, आधी झालेल्या वाटणीची नुसती आठवणीदाखल याद लिहिली असती तर बिननोंदणीची चालली असती. ज्या कागदानेच वाटणी होते तो मात्र रजिस्टर हवा. न्यायाधीशांनी आमचा कागद बाजूला ठेवला. तीस वर्षं मुलांना निबंध शिकवले, घरचा एक कागद धड लिहिता आला नाही. सुमती मला एका शब्दाने दोष देत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

आता बाबांची तोंडी वाटणी साक्षीनेच सिद्ध करायची आहे. तू तेव्हा बाळंतपणाला आली होतीस. बाबा खोल्या मोजत होते आणि दोरीचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. तिघा भावांचे हिस्से तू मोजून दिलेस. तुला काही हवं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. वकील म्हणाले बहिणीला हे कळवू नका, पण कळवतो: वाटणी झाली नाही असं ठरलं, तर बाबांच्या हिश्श्यात तुझाही वाटा निघतो. साक्ष दिलीस तर तो जाईल. तारीख चार डिसेंबरची आहे. सुमतीसाठी येशील का?

तुझाच,
माधवदादा