टांझानियातून आलेलं ‘व्हय म्हाराजा’

मंगळवार, संध्याकाळ

चिऊचा टांझानियाहून फोन. तिथल्या इस्पितळात डॉक्टरांच्या मागे फिरून शिकतेय. नुसतं बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही. "मजेत आहे, बाबा." मजेत? आवाज बसलेला. बर्फाच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेलं, पण कान शाबूत आहेत माझे. खोदून विचारलं, तर रडली.

"इथल्या एका आजीचं उद्या ऑपरेशन. जवळचं कोणी नाही. मी तिच्या खाटेशी नुसती बसलेय. परत येऊ?"

"थांब. फोन ठेवू नको."

देवळात गेलो, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "त्या म्हातारीला सुखरूप उठव रे म्हाराजा!" मागून होकार द्यायला देवळात कोणीच नाही.

फोनमधून चिऊ म्हणाली, "व्हय म्हाराजा!" पाठोपाठ एक थरथरता म्हातारा आवाज, तेच शब्द.

"बाबा, आजीने माझा हात धरलाय."

धरू दे. हात लावायचा नाही हा नियम चिऊला, आजीला कुठाय?