सातव्या ओळीची कडी

४ मार्च २०२४, सोमवार
भोरहून निघाले, वेल्ह्याच्या एसटीनं मार्गासनीला उतरले, तिथनं टेम्पोनं वर. खोली झकास हाय. पंपघराला लागूनच. पुढं धरणाचं पाणी, मागं डोंगर, दाराशी नळ. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं भावजयीची भांडी घासली. आज माझ्या दाराला माझं कुलूप. सहा महिने पाणीयोजना नीट चालवली तर कायम करणार, असं योजनेचे साहेब म्हणालेत. बाई पंप चालवणार म्हणून पारावरची माणसं दात काढत होती. काढू दे, तहान लागल्यावर येतील हितंच.

भाची सुप्रिया पुण्यात कंप्युटरवर कामाला हाय. ती म्हणाली, मावशी, रोज काय केलंस ते लिहीत जा, बिघडलं तर मला शोधता येईल. माझी शाळा चौथीपर्यंतच. शुद्धलेखन कुणी तपासायचं न्हाई.

५ मार्च
जुने चालक हैबतीअण्णा शिकवायला आले. आता लेकीकडं वेल्ह्याला ऱ्हायला चाललेत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एवढाच कंप्युटर. त्यात सात ओळींची यादी. पहिल्या ओळीत चालकाचं नाव. अण्णांनी आपलं खोडून ‘मंगल’ घातलं. मग पाच वाड्या. यंत्र एकेक ओळ वाचतं. नाव असलं तर कर्ण्यावर त्या वाडीची हाळी देतं, मग तिचा वॉल उघडतं. वीस मिनिटांनी बंद. हितली रीतच हाय म्हणे, नाव घेतल्याबिगर पाणी सोडायचं न्हाई. बिननावाच्या हाळीला कुणीबी येतं.

सातवी ओळ रिकामी. तिथं यंत्र अडतं, इंग्रजीत एक वाक्य फेकतं आणि मरतं. मोटर चालूच ऱ्हाते. मग आपण खाली विहिरीवर जाऊन हातानं बंद करायची. ब्याण्णव पायऱ्या. म्या विचारलं, ती ओळ काढून का टाकत न्हाई? म्हणाले, काढली तरी सकाळी परत असती. आणि दुरुस्त बी करू नगं. म्या मनात म्हणलं, म्हातारपणी माणूस आळशी होतं, दुसरं काय.

८ मार्च
धनगरवाड्याची पारूबाई रोज तांब्याभर दूध आणून देते. आज म्हणाली, भोरवाली, तुझा चहा म्हंजे गुरांचं पाणी, निदान दूध तरी चांगलं घाल. म्या म्हणलं, तुझ्या दुधात तू काय घालतीस ते मला ठावं हाय. दोघी लई हसलो. नऊ वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं न्हवतं.

११ मार्च
गुडघे गेले. पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या. पडद्याचा फोटो सुप्रियाला पाठवला. पोरगी हसायलाच लागली. त्या इंग्रजीचा अर्थ म्हणे ‘या वेळेला हे अपेक्षित नव्हतं’. यंत्र विचारतं, नाव अमुक असेल तर. आता नावच न्हाई, तर ‘असेल तर’ कशाला लावायचं? म्हणून अडतं. इलाज सोपा. इफच्या, म्हंजे त्या ‘असेल तर’च्या, पुढं नावाला दोन्ही अंगांनी अवतरणचिन्हं लावायची. मग रिकामं असलं तरी रिकामी डबी म्हणून धरतं आणि पुढं जातं. ‘डबी रिकामी असेल तर सोडून दे’ अशी आणखी एक ओळ ती सांगत होती. म्या म्हणलं पुरे गं बाई, मोटर बंद झाली म्हंजे झालं. एकेक अक्षर हुडकत अर्धा तास टायपिलं.

१२ मार्च
चाललं! यंत्र अडलं न्हाई. मोटर आपोआप बंद. पायऱ्यांना लांबनंच हात जोडला. साहेबांना फोन केला, ते खूश. बावीस तारखेला बघायला येतो म्हणाले, नीट चाललेलं दिसलं तर सहा महिने थांबायला नगं, कायमचा कागद त्याच दिवशी.

१३ मार्च
आज नीट ऐकलं. पाच वाड्या झाल्यावर कर्णा खरखरला. हाळी न्हाई, नुसती खरखर. मग सहावा वॉल उघडला, तो गंजलेला, ज्याच्याकडं मी बघितलंबी न्हवतं. भर बाराच्या उन्हात धरणाच्या अंगानं हंडे आपटल्याचा आवाज आला. बाया रांग लावतात तसा. भांडण, बोलणं काही न्हाई. हंड्याला हंडा लागल्याचा आवाज तेवढा.

१५ मार्च
टाकी रोज हातभर जास्त उतरती. सहाव्या वॉलची पाइप धरून चालत गेले. पाइप जुन्या रस्त्यानं जाते आणि रस्ता धरणाच्या पाण्यात शिरतो. काठाला नळाचा खांब. त्याच्याभोवती चिखल, चिखलात हंड्यांच्या बुडांच्या गोल खुणा. मोजल्या न्हाईत. पाण्यातनं वर आलेल्या आणि पाण्यात परत गेलेल्या.
पावलं एकबी न्हाई.

१८ मार्च
यादीत शेंडेवस्तीची ओळ रिकामी. म्या हात लावलेला न्हाई. शेंडेवस्तीचं कुणी भरायला आलं न्हाई. पारावर बसणाऱ्या धनाजीला विचारलं. तो म्हणाला, कुठली शेंडेवस्ती, मावशी ऊन लागलं का? चालत गेले. घरं न्हाईत. जोतीबी न्हाईत. कारवी वाढलीय, जुनी, माझ्याहून उंच.
नाव परत टायपिलं. पडद्यावर बसतं, आणि बघता बघता मागनं पुसतं.

२० मार्च
दूध आलं न्हाई. धनगरवाड्याची ओळ रिकामी.
पारूबाई म्हणून कुणी हितं न्हवतंच म्हणतात. मग माझ्या दाराशी हा तांब्या कुणाचा?

२१ मार्च
हैबतीअण्णांना फोन लावला. आधी शिव्या घातल्या, मग रडले. म्हणाले, अगं बाई, ती चूक न्हवती, कडी हुती. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या वाडीचं नाव अण्णांनीच यादीतनं काढलं होतं, नावानं बोलावलं की तिथली बुडालेली माणसं यायची म्हणून. नाव गेलं, ओळ जाईना. मग रिकाम्यापाशी यंत्र अडलेलंच बरं. तू रिकाम्याला डबी दिलीस, आता ते डबी भरत्यात, दुसऱ्यांच्या नावानं.
विचारलं, गेलेली माणसं? म्हणाले, अवतरणचिन्हं काढ, कडी लाव, परततील. पर तुझं नाव यादीत हाय तोवर लाव. कडी आतून लावायची असती. लावणाऱ्याचंच नाव गेलेलं असलं तर त्याला आत घेणारं कुणी न्हाई, तो त्या बुडालेल्यांच्यातच अडकतो.

उद्या साहेब येणार. कडी लावली तर यंत्र अडलेलं दिसंल, कागद जाईल, परत भावजयीची मोरी. एक दिवस. एकच. परवा सकाळी काढते. माझी ओळ पहिली हाय, तिथवर काय इतक्यात येत न्हाईत.

२२ मार्च
साहेब आले. पंपघर बघितलं, मोटर आपोआप बंद झालेली बघितली, मान डोलावली. मग धनाजीला म्हणाले, चांगलं चाललंय, पण हितं चालक कोण हाय?
मी समोरच उभी होते.
कागदावर नावाची जागा मोकळी ठेवून सही करून गेले.

पळत आत गेले. पहिली ओळ. रिकामी.

२३ मार्च, सकाळ
सुप्रियाला फोन. ती हॅलो, हॅलो. म्या म्हणलं, मावशी बोलतीय. ती म्हणाली, कोण मावशी? मग दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, खरखर येतीय नुसती.

नाव टायपते. पुसतं. टायपते —

दाराचं कुलूप माझ्या किल्लीनं लागत न्हाई.

अकरा
देवळाची आळी पण गेली. दोनच वाड्या उरल्या. त्यातल्या एकीत कोंडिबाची सून बाळंतीण हाय, परवाच कोंडिबा पेढा देऊन गेला. आज बारा वाजता त्यातली एक जाईल.
न्हाई लावली कडी तर मी अशीच, जित्या माणसांत, पण कुणाला न दिसणारी. लावली तर —
पारूबाईचा तांब्या घासून दारात ठेवला.

पावणेबारा
एक चिन्ह काढलं. हात ओले. कुठनं ओले —
दुसरं काढलं.
यंत्र चालू केलं. पहिल्याच ओळीला अडलं. तेच इंग्रजी. मला आता अर्थ येतो. या वेळेला हे अपेक्षित नव्हतं.
म्हंजे मी.

बारा
सहावा वॉल उघडलाच न्हाई. धरणाच्या अंगानं आज हंडे वाजले न्हाईत.
ओळी भरतायत. देवळाची आळी. धनगरवाडा. शेंडे—
बाहेर पारूबाईचा आवाज! दार वाजवतीय. विचारतीय, नवी चालक कधी येणार, खोली रिकामीच का, आणि हा तांब्या आपला हितं कसा. म्या कडी काढते, कडी सरकत न्हाई, म्या आतनं वरडतीय, पारू, पारू गं —
ती निघाली.
खोलीत पाणी. घोट्याला. माझ्या मागं रांग लागलीय. हंड्याला हंडा. कुणीतरी माझ्या हातात एक दिला, गार, आणि नाव विचारतंय, म्या सांगितलं, माझं नाव